खात्यावर पैसे पडले, पुढं काय?

या वेळी आलेल्या पत्रांत लाडकी बहीण योजनेच्या पैशांचा विषय सारखा येतोय. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी बचत गटांची सहयोगिनी होते. गटांच्या वह्या तपासणं, बायकांसोबत बँकेत जाणं, कर्जाचे हप्ते लावून देणं हे माझं काम. उत्तरं देते आहे ती तिथं पाहिलेल्यावरून, आणि या विषयावर जे नीट मोजून पाहिलं गेलंय त्यावरून.

माझ्याकडे सहा एकर कापूस आहे. पूर्वी वेचणीला दहा बाया यायच्या, आता चार येतात आणि त्याही दर वाढवून मागतात. पंधराशे रुपये सुरू झाल्यापासून लोकांना कामाचा कंटाळा आलाय, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. काम न करता मिळालेला पैसा गरिबाला आळशी करतो की नाही?
*– एक शेतकरी, जालना जिल्हा*

दादा, तुमची अडचण खरी आहे. कापूस फुटलाय, वर आभाळ भरून आलंय आणि वेचायला माणूस नाही, तेव्हा जीव कसा कासावीस होतो ते मी माहेरी पाहिलंय. पण तुम्ही लावलेलं कारण मला पटत नाही. पंधराशेला तीसनं भागा. दिवसाला ५० रुपये होतात. तेवढ्यावर चार माणसांच्या घरात तेल, मीठ, चहापत्ती निघते. तुमच्याकडच्या वेचणीच्या एका दिवसाची कमाई याच्या कितीतरी पट आहे. ५० रुपयांसाठी ती कमाई कुणी सोडणार नाही.

हा प्रश्न आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यात नीट तपासला गेलाय. २०११ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत घरटी नाही, तर माणशी पैसे द्यायला सुरुवात केली. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, लेकराला १००. वर्षभरानं ते ३०० आणि १५० केले. लेकरांचे पैसे आईच्या हातात. नवरा-बायको आणि तीन मुलं असतील तर घरात आधी ७०० रुपये यायचे, नंतर १,०५०. पैसे कशावर खर्च केले, हे कुणी विचारायचं नाही. शाळेची अट नाही, दवाखान्याची नाही, कामाची नाही. बाजूच्या बारा गावांत काहीच दिलं नाही, म्हणजे तुलना करता यावी. शिवाय भिल्लांच्या एका गावात वर्षभर सुरुवातीपासूनच ३०० आणि १५० दिले. रेनाना झाबवाला, गाय स्टँडिंग आणि शरत दवला यांनी मिळून हे सगळं तपासलं.

लोक काम सोडून बसले नाहीत. बदललं ते असं, की दुसऱ्याच्या रानातली मजुरी काहींनी कमी केली आणि स्वतःच्या तुकड्यात जास्त राबू लागले. बियाणं, खत वेळेवर घेता आलं. कुणी शेळ्या घेतल्या. दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. ताटात डाळ आणि भाजी वाढली. लहान मुलांची वजनं सुधारली, त्यातही मुलींची जास्त. हे शेवटचं वाचताना मला भरून आलं होतं. आपल्याकडे टंचाई आली की आधी कुणाच्या पानातलं कमी होतं, हे मला कुणी सांगायला नको.

त्या भिल्ल गावात आणखी एक गोष्ट दिसली. घेतलेलं कर्ज फेडण्यापोटी दुसऱ्याच्या शेतावर सालानं राबायची पाळी कमी झाली. इथं माझं लक्ष आमच्या बीडकडं जातं. आमच्याकडे ऊसतोडीला जोडपं जातं, त्याला एक कोयता म्हणतात. पावसाळ्यात घरात दाणा संपला, पोरगं आजारी पडलं, की मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर कारखान्यावर ती फेडायची. उचल लाखाच्या घरात जाते. पण ती एका रकमेत क्वचितच वाढते. ५०० औषधाला, हजार किराण्याला, दोन हजार लेकीच्या बाळंतपणाला अशी ती मुकादमाच्या वहीत चढत जाते. आमच्या एका गटातली बाई पोराला ताप आला की आधी मुकादमाचं घर गाठायची, मग दवाखाना. आता ती थेट दवाखान्यात जाते. तिचा कोयता सुटलेला नाही, अजून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जाते. पण वहीतल्या त्या बारक्या बारक्या रकमा थांबल्या, आणि फेडीच्या वेळी तो फरक दिसतो.

आता तुमच्या रानाकडे येऊ. चूल पेटायची काळजी मिटली की बाई पडेल त्या दरानं येत नाही, हे खरं. ती दर विचारते, पाणी आहे का विचारते, संध्याकाळी पैसे मिळतील की शनिवारच्या बाजाराला, ते विचारते. मला ते योग्य वाटतं, आणि तुमच्या तोंडावर सांगते, कारण तुम्ही सरळ विचारलंत. आमच्या भागात ज्यांनी हंगामाआधीच किलोचा दर ठरवला, गाडीनं नेलं-आणलं आणि तोलून झाल्याबरोबर पैसे दिले, त्यांच्याकडे बाया टिकल्या. कापसाचा भाव पडला की तुमच्या हाती फार उरत नाही, हेही मला माहीत आहे. पण त्याचं भांडण बाजाराशी आहे, वेचणीवालीशी नाही.

पैसे माझ्या नावावर येतात, पण मेसेज मिस्टरांच्या फोनवर जातो आणि एटीएम कार्डही त्यांच्याकडेच असतं. विचारलं की म्हणतात, घरातच खर्च होतात ना? भांडण करायचं नाही, पण माझे पैसे मला दिसावेत असं वाटतं.
*– एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा*

ताई, तुमची मागणी अजिबात जास्त नाही. जुलै २०२४ पासून ही योजना २१ ते ६५ वयाच्या बाईच्या नावानं, तिच्याच खात्यावर पैसे देते. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं वगैरे पात्रतेच्या अटी आहेत. पण एकदा पैसे पडले की ते कशावर खर्चायचे, हे ठरवणं तुमच्याकडे.

आधी पासबुक भरून आणा. कोणत्या तारखेला किती आले, किती निघाले, ते डोळ्यांनी पाहा. मग शाखेत फॉर्म देऊन खात्याला तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर लावा. साधा बटणाचा फोन असला तरी मेसेज येतो. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर पडतात. म्हणून वेगळं खातं हवं असेल तर पोस्टात काढा आणि आधारची जोडणी त्या खात्याला द्या, तशी लेखी विनंती पोस्टातच करता येते. पोस्टमन अंगठा घेऊन घरी पैसे देतो, एटीएमची गरज राहत नाही. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावलात तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. अंगठा ‘लागला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, तर आधी बाकी विचारा.

घरातला भाग जास्त अवघड. एकटीनं अचानक कार्ड मागण्यापेक्षा गटातल्या दोघीतिघींनी मिळून एकाच दिवशी बँकेत जावं, असं मी नेहमी सांगायचे. ‘सगळ्याच नंबर बदलतायत’ म्हटलं की ते एका घराचं भांडण राहत नाही. मिस्टरांना विश्वासात घेऊन सांगा, की पोरांच्या वह्या आणि सासूबाईंचं औषध यापुढं मी बघते. आमच्या पट्ट्यात रक्तदाबाच्या गोळ्या दहादहाच आणायच्या आणि संपल्या की पुढच्या मजुरीपर्यंत थांबायचं, अशी कितीतरी घरं होती. इंदूरकडच्या गावांतही पैसे सुरू झाल्यावर लोक औषध जास्त नेमानं घेऊ लागले होते. महिन्याच्या गोळ्या एकदम घरात आल्या, की त्या पैशाचं मोल घरातल्या सगळ्यांना कळतं. मात्र मारहाणीची भीती असेल, तर यातलं काहीही करण्याआधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

आमचं गावात किराणा दुकान आहे. एवढा पैसा गावात आला की महागाईच वाढणार ना?
*– एक दुकानदार, लातूर जिल्हा*

याचं मोठं मोजमाप केनियात झालंय. तिथं सियाया भागात २०१४ ते २०१७ या काळात गिव्हडायरेक्टली या संस्थेनं दहा हजारांहून जास्त गरीब कुटुंबांना, प्रत्येकी सुमारे हजार डॉलर, मोबाइलवरून दिले. भाव वाढले ते नगण्य. उलट ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचीही कमाई वाढली, कारण ते पैसे गावातल्याच दुकानात, सुताराकडे, बाजारात खर्च झाले. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागाची अर्थव्यवस्था सुमारे अडीच डॉलरांनी वाढली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तिथली रक्कम मोठी आणि एकदाच दिलेली होती, आपली लहान आणि दरमहा, तेव्हा तोच आकडा इथं लावू नका. पण तुमच्या उधारीच्या वहीत पाहा आणि मला कळवा. जुनी उधारी कमी झाली असेल, तर तुमचंही अडकलेलं भांडवल मोकळं झालंय.

दोन-तीन महिन्यांचे पैसे कधी कधी एकदम येतात. ते तसेच ठेवून शेळी घ्यावी का?
*– एक वाचक, धाराशिव जिल्हा*

पैसे लांबतात याचा मला राग आहे. वेळेवर येतील याची खात्री नसेल तर बाई पुन्हा उधारीच्या दारात जाते, आणि नेमक्या त्याच गोष्टीतून तिला सोडवायचं होतं. केनियातल्याच आधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की दरमहा पैसे आले तर घरातलं खाणं सुधारतं आणि एकदम आले तर लोक टिकाऊ वस्तू घेतात. दोन्ही गरजा आहेत. पण कोणता पैसा कधी येणार, हे आधी माहीत हवं, तरच घर बेत करू शकतं.

शेळी जरूर घ्या, पण एक महिन्याचा किराणा बाजूला ठेवून. तुमच्या भागात उस्मानाबादी मिळते, ती जुळी देते आणि माळावर चरून राहते. बाजारात घाईनं घेऊ नका, ओळखीच्या घरून, दुसऱ्या वेताची गाभण पाहून घ्या. दात आणि कास बघा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची, लस सरकारी दवाखान्यातून टोचून घ्या, आणि गटातल्या आणखी दोघी घेणार असतील तर डॉक्टरांना एकाच दिवशी वस्तीवर बोलवा.