वाचकांचे प्रश्न : अठरा हजार पौंडांचा टॉय हॉलर ओढायला कोणता ट्रक?

अमेरिकेतल्या वाचकांकडून या वेळी आरव्हीबद्दल (प्रवासातल्या फिरत्या घरांबद्दल) बरीच पत्रं आली आणि त्यातली बहुतेक फिफ्थ-व्हील टॉय हॉलरबद्दल आहेत. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: पुढे राहायचं घर, मागे साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटची लहान ऑफ-रोड गाडी) किंवा डर्ट बाइक चढवायला गॅरेज, आणि बंपरला न जोडता ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर बसवलेल्या हिचला जोडला जाणारा ट्रेलर. भरल्यावर हा सहज १६,००० ते २०,००० पौंडांपर्यंत जातो.

प्रश्न : आम्ही ४२ फुटी टॉय हॉलर पाहिला आहे, जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या गाडीची कमाल वजनमर्यादा) १८,००० पौंड. आमच्याकडे फोर्डचा डिझेल एफ-२५० ट्रक आहे. विक्रेता म्हणतो, "हा ट्रक एवढं ओढतो, ब्रोशरमध्ये आकडा आहे." घरात आम्ही चौघं, सोबत एक चार सीटचा साइड-बाय-साइड. चालेल का?
*— फ्रीमाँट, कॅलिफोर्निया*

नाही चालणार. विक्रेता कदाचित खोटं बोलत नसेल, पण तो तुम्हाला चुकीचा आकडा दाखवतोय. टो रेटिंग म्हणजे ट्रक किती वजन *ओढू* शकतो. फिफ्थ-व्हीलमध्ये त्याआधी संपतो तो पेलोड, म्हणजे ट्रक अंगावर किती वजन *घेऊ* शकतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या, हिचमध्ये अडकणाऱ्या खुंटीतून, थेट हौद्यात उतरतो. १८,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी हे पिन वेट ३,६०० ते ४,५०० पौंड होतं.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरचं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको, हे त्यावर छापलेलं असतं. तो आकडा तुमच्या ट्रकचा, तुमच्या ट्रिमचा (मॉडेलच्या प्रकाराचा), कारखान्यातून बाहेर पडताना होता तसा. सनरूफ, फोर-बाय-फोर, डिझेल इंजिन, प्रत्येक गोष्ट त्यातून वजा झालेली असते. क्रू कॅब (चार दारांच्या) डिझेल एफ-२५० वर तो बहुधा २,००० ते २,६०० पौंडांच्या आसपास दिसेल.

त्यातून काय काय जाणार ते मांडू. चौघं मिळून ६०० पौंड, हिच २००, हौद्यातली अवजारं, लाकडी ठोकळे आणि आइसबॉक्स आणखी २००. म्हणजे ट्रेलर जोडण्याआधीच हजार पौंड गेले. उरलेल्या दीड हजारात चार हजारांची पिन बसत नाही.

टॉय हॉलरमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी साध्या फिफ्थ-व्हीलमध्ये येत नाही, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. गॅरेज ट्रेलरच्या आसांच्या मागे असतं. त्यामुळे आत गाडी चढवली की पिन *हलकी* होते, आणि काढली की जड. एक हिशेब करून पाहा. ट्रेलर रिकामा १४,००० पौंड, रिकामं पिन वेट ३,२००. किंगपिनपासून आसांच्या मध्यापर्यंत २६ फूट अंतर. पुढच्या कपाटांत, स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये मिळून हजार पौंड सामान, आसांच्या सरासरी १८ फूट पुढे: पिनवर ६९० पौंड वाढले. १०० गॅलन पाणी म्हणजे ८३० पौंड, टाकी आसांच्या ५ फूट पुढे: आणखी १६०. पिन झाली ४,०५०. आता २,००० पौंडांचा साइड-बाय-साइड आसांच्या ७ फूट मागे चढवा: पिनवरून ५४० पौंड उचलले गेले. राहिले ३,५१०.

म्हणजे पूर्ण भरलेला ट्रेलर १७,८३० पौंडांचा आणि पिन जेमतेम २० टक्के, पण साइड-बाय-साइड घरी ठेवून नुसते सहलीला निघालात तर ट्रेलर १५,८३० चा आणि पिन ४,०५०, म्हणजे साडेपंचवीस टक्के. ट्रकच्या पाठीवर जास्त ओझं हलक्या ट्रेलरचं! म्हणून ट्रक नेहमी *रिकाम्या गॅरेजच्या* पिन वेटवर निवडा. ब्रोशरमधल्या ड्राय पिन वेटवर तर मुळीच नको. त्यात पाणी, बॅटऱ्या आणि तुमचं सामान धरलेलं नसतं, आणि बऱ्याचदा जनरेटरसुद्धा नसतो.

उलट दिशेनेही सांभाळायला हवं. गॅरेजमध्ये दोन गाड्या, मागच्या फ्युएल स्टेशनची (ट्रेलरमधली, गाड्यांसाठीच्या पेट्रोलची) टाकी भरलेली आणि पुढची पाण्याची टाकी रिकामी, अशा वेळी पिन १५ टक्क्यांच्या खाली गेली तर ट्रेलर डोलायला लागतो. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघताना पाणी भरूनच निघा. वाळवंटात ते लागणारच आहे आणि टाकी आसांच्या पुढे असेल तर पिनही जागेवर राहते. टाकी नक्की कुठे आहे ते मात्र आधी ट्रेलरखाली वाकून पाहा, कारण ती प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असते.

तुमच्या ट्रेलरची ४,०५० ची पिन आणि वरचे हजार धरले तर किमान ५,१०० पौंड पेलोड हवा. तो एकटन वर्गातल्या ड्यूअलीतच मिळतो, म्हणजे मागे चार चाकांच्या एफ-३५०, रॅम ३५०० किंवा ३५००एचडी सिल्व्हरॅडो-सिएरामध्ये. त्यातही महागड्या ट्रिमचं लेबल वाचूनच सही करा.

प्रश्न : माझा ३५०० सिंगल रिअर व्हील (मागे दोनच चाकांचा) आहे. मागे एअरबॅग (सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवल्या तर ड्यूअलीची गरज उरेल का?
*— फिनिक्स, ॲरिझोना*

एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर येते, हेडलाइट आकाशाकडे बघायचे थांबतात. जीव्हीडब्ल्यूआर एका पौंडानेही वाढत नाही. आस, बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर सगळं तेच राहतं. बॅग बसवून ट्रक सपाट दिसायला लागला की उलट ओव्हरलोड डोळ्यांना दिसेनासा होतो.

खरी मर्यादा टायरच्या कडेला छापलेली असते. या ट्रकवर सर्रास दिसणारा एलटी२७५/७०आर१८ लोड रेंज ई टायर ८० पीएसआयला ३,६४० पौंड उचलतो. दोन टायर मिळून ७,२८०. रिकाम्या डिझेल ट्रकचा मागचा आसच ३,००० पौंडांच्या वर भरतो. त्यावर चार हजारांची पिन आणि मागच्या सीटवरची मुलं आली की टायर मर्यादेला टेकले, तेही ॲरिझोनाच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर. ड्यूअलीवरचा एलटी२४५/७५आर१७ एकेकटा कमी उचलतो, जोडीत २,९१०, पण असे चार म्हणजे ११,६४०. आसाची मर्यादा त्याच्या आत असते, म्हणजे टायरला श्वास घ्यायला जागा राहते. एक टायर फुटला तरी शेजारचा ट्रकला बाजूला घेण्यापुरता धरून ठेवतो. सिंगलमध्ये ती सोय नाही.

१३,००० पौंडांच्या आतला, लहान गॅरेजचा टॉय हॉलर असेल तर सिंगल रिअर व्हील ३५०० चांगला ट्रक आहे. त्यापुढे नाही.

प्रश्न : मग सरळ एफ-४५० च का घेऊ नये?
*— शिकागो परिसर*

घ्या, पण पेलोडसाठी घेऊ नका. ड्यूअली ३५० आणि पिकअप ४५०, दोन्हींचा जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पौंड. ४५० स्वतः जास्त जड असल्यामुळे त्याच्या लेबलवरचा पेलोड तशाच ३५० पेक्षा कमी निघतो. ४५० चे खरे फायदे वेगळे: रुंद पुढचा आस, त्यामुळे कॅम्पग्राउंडमध्ये आश्चर्य वाटावं इतका लहान टर्निंग सर्कल, १९.५ इंची व्यावसायिक टायर आणि ४.३० चा अ‍ॅक्सल रेशो. सतत २०,००० च्या जवळ ओढणार असाल तर पैसे वसूल होतात. चॅसी-कॅब (हौद्याशिवाय येणारी) ४५० ही वेगळी गाडी आहे. तिचा जीव्हीडब्ल्यूआर १६,५००, त्यामुळे दोघींचे आकडे एकमेकींत मिसळू नका.

प्रश्न : पेट्रोल ट्रक बराच स्वस्त पडतो. वर्षातून चार-पाच सहली. डिझेल हवंच का?
*— डेन्व्हर, कोलोरॅडो*

तुम्ही डेन्व्हरला राहता म्हणून उत्तर सोपं आहे: हवंच. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेत विरलेली असते, आणि मागे १८,००० पौंड. डिझेलचा टर्बो यातला बराच तोटा भरून काढतो.

पण चढापेक्षा उताराचा विचार जास्त करा. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडे मोठा, लांबलचक उतार आहे. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक टर्बोची पाती मिटवून इंजिनात उलटा दाब तयार करतो आणि ब्रेकला पाय न लावता वेग धरून ठेवतो. पेट्रोलमध्ये फक्त खालच्या गिअरचा आधार. तिथे पाय वारंवार ब्रेकवर जातो, पॅड तापतात, जळका वास येतो आणि नंतर पेडल मऊ पडतं. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड लावा, एक्झॉस्ट ब्रेक चालू करा आणि वेग ताशी ४५ मैलांवर आणा. वेग कमी करायला उतारात शिरेपर्यंत थांबू नका.

ट्रेलर ब्रेकचा गेन (ब्रेक किती जोरात लागतील याची पातळी) सपाट रस्त्यावर लावून घ्यायचा. २० ते २५ मैलांच्या वेगाला कंट्रोलरची पट्टी हाताने दाबा. ट्रेलरने ट्रकला मागून स्पष्ट खेचलं पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. गॅरेज भरलेलं असताना लावलेला गेन रिकाम्या गॅरेजला जास्त होतो, तेव्हा परत तपासा. ट्रेलरला इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक (विजेच्या इशाऱ्यावर तेलाच्या दाबाने चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर ट्रकच्या मेनूत तो प्रकार निवडावा लागतो.

डिझेलचे खर्चही धरा: डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव्य), मोठं ऑइल चेंज, दोन फ्युएल फिल्टर. एवढा ट्रेलर ओढताना गॅलनला ८ ते १० मैल मिळतात. हौद्यात जादा टाकी बसवायचा विचार असेल तर ५० गॅलन डिझेल म्हणजे ३५० पौंड, तेही पेलोडमधूनच.

प्रश्न : खरं वजन कसं कळणार? आणि हिच जोडताना काय पाहायचं?
*— डॅलस, टेक्सस*

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (वजनकाटा) असतो. पहिल्यांदा ट्रेलरशिवाय जा: इंधनाची टाकी पूर्ण भरलेली, घरातली सगळी माणसं आत, हिच बसवलेला. पुढचा आस आणि मागचा आस, दोन्ही आकडे घ्या. मग ट्रेलर जोडून त्याच काट्यावर या. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, ट्रकची मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. जोडलेल्या अवस्थेतली पहिल्या दोन पट्ट्यांची बेरीज वजा ट्रक एकटा, म्हणजे तुमचं पिन वेट. पिन वेटमध्ये ट्रेलरच्या पट्टीचा आकडा मिळवला की ट्रेलरचं पूर्ण वजन. गॅरेज रिकामं आणि भरलेलं, असं दोनदा करा. मागच्या आसाचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या रिअर जीएडब्ल्यूआरशी (मागच्या आसाच्या वजनमर्यादेशी) ताडून पाहायला विसरू नका. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस बाहेर, असं होतं.

जोडताना हौद्याची कड आणि ट्रेलरचं नाक यांत सहा इंच अंतर ठेवा, नाहीतर पेट्रोल पंपाच्या रॅम्पवर कड चेपते. ट्रेलर सपाट उभा राहिला पाहिजे. नाक वर राहिलं तर मागचे टायर आणि आस जास्त वजन घेतात.

हिचचा जबडा मिटला की पिन टॉर्चने डोळ्यांनी पाहा. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून बोटभरच उचला, ट्रेलर ब्रेक हाताने दाबून धरा आणि ट्रक पुढे खेचून पाहा. जबडा नीट बसला नसेल तर ट्रेलर पायांवर येतो, हौद्यावर आदळत नाही. पाय पूर्ण वर घेऊन ही चाचणी केली आणि जबडा बसलेला नसला तर त्या चुकीची किंमत म्हणजे हौद्याच्या दोन्ही कडा आणि टेलगेट.

प्रश्न : साध्या लायसन्सवर चालवता येतं का?
*— सॅन होजे, कॅलिफोर्निया*

कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरचा आणि १५,००० पर्यंतचा फिफ्थ-व्हील ट्रॅव्हल ट्रेलर क्लास सी वर (साध्या लायसन्सवर) चालतो, पण वेगळी नोंद करून घ्यावी लागते. १५,००० च्या वर खासगी क्लास ए लागतो. त्याची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा वेगळी. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर बिगर-व्यावसायिक क्लास ए. १४,००० चा ड्यूअली आणि १८,००० चा ट्रेलर म्हणजे तुम्ही त्यात आलातच. अपघात झाला तर विमा कंपनी हाच कागद आधी मागते.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. लांबच्या प्रवासात ते मागे ट्रेलरमध्ये आडवे झाले तर चालेल ना?
*— ऑस्टिन, टेक्सस*

नको. काही राज्यं अटींसह फिफ्थ-व्हीलमध्ये बसू देतात, पण ट्रेलरच्या सोफ्याला आणि पलंगाला कारसारखे सीटबेल्ट नसतात, आणि टॉय हॉलरमध्ये तर भिंतीपलीकडे पेट्रोल भरलेल्या गाड्या उभ्या असतात. वाफ घरात शिरते, वास नाकाला सवयीचा होतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. क्रू कॅबमध्ये पुढे बेंच सीट घेतली तर सहा जण बसतात. त्यांच्यासाठी दर दोन तासांनी थांबा, आणि दोघांचं वजन पेलोडच्या हिशेबात आत्ताच लिहून ठेवा.