"सगळं बघून घ्या" हे वाक्य महागात पडतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पेट्रोल गाडी, पाच वर्षांची, ४८,००० किलोमीटर झालेत, वॉरंटी संपलीय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने १६,४०० चं एस्टिमेट काढलंय, वारज्यातला मिस्त्री ६,००० म्हणतोय. मागच्या सर्व्हिसिंगला एअर फिल्टरचे पैसे लावले पण फिल्टर बदललाच नाही असा तुम्हाला संशय आहे. आणि शेवटचं वाक्य, "पुण्यात एखादं प्रामाणिक गॅरेज आहे का हो?"

आहेत की. पण नाव सांगणार नाही. चांगल्या मिस्त्र्याचं नाव चार ठिकाणी फिरलं की महिन्याभरात त्याच्या दारात गाड्यांची रांग लागते, तो दोन नवी पोरं ठेवतो, आणि तुमच्या गाडीचा नट त्या पोरांपैकी एक जण आवळतो. ज्याच्या नावावर विसंबून तुम्ही गेलात तो फोनवर गिऱ्हाइकांना वेळा देत बसलेला असतो.

आधी ते एस्टिमेट बघू. तुम्ही आकडे दिलेत हे बरं केलंत. ऑइल, ऑइल फिल्टर आणि वॉशर २,३००, एअर फिल्टर ४५०, एसीचा केबिन फिल्टर ५००, ब्रेक ऑइल ७००, स्पार्क प्लग ९००, लेबर २,०००. झाले ६,८५०. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि टायर रोटेशनचे १,१०० धरले तर ७,९५०. उरलेले ८,४५० कशाचे? इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) ८५०, इंजेक्टर क्लीनिंग १,४००, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करणं ९५०, एसी डिसइन्फेक्टंट ९५०, इंटिरिअर क्लीनिंग १,५००, अंडरबॉडी कोटिंग २,८००. म्हणजे निम्म्याहून जास्त बिल अशा कामांचं आहे, जी गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या वेळापत्रकात बहुधा सापडणार नाहीत. पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता असतो: किती किलोमीटर किंवा किती महिने, जे आधी होईल ते, आणि त्यापुढे काय तपासायचं, काय बदलायचं. तो उघडून शेजारी ठेवा आणि ओळीओळीने ताडून बघा. थ्रॉटल बॉडी आयडलिंग हलत असेल, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन एकसारखं चालत नसेल, तर साफ करावी, एरवी कशाला?

आता मिस्त्र्याचे ६,००० समोर ठेवायचे ते ६,८५० च्या. सोळा विरुद्ध सहा ही तुलनाच चुकीची आहे. खरा फरक ८५० रुपयांचा आहे, आणि मिस्त्र्याने त्यात ब्रेक ऑइल आणि प्लग धरलेत का हे तुम्ही विचारलेलंच नाही. धरले नसतील तर तो महागडा निघेल.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर जो गोड बोलतो तो ॲडव्हायझर गाडीला हात लावत नाही, त्याचं काम विक्रीचं. माझ्या भाच्याने दोन वर्षं ही नोकरी केली. कोणी किती कोटिंग आणि किती फ्लश "विकले" याचा फळा आतल्या खोलीत लावलेला असायचा. ॲडव्हायझरला चोर म्हणू नका, पण डॉक्टरही समजू नका.

मी स्वतः सव्वीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, गाड्यांचेच पार्ट बनायचे. तिथे पार्टला गेज (माप तपासायचं साधन) लावलं म्हणून कुठला ऑपरेटर रुसला नाही. मोजणं म्हणजे अपमान नाही, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. गॅरेजमध्ये मात्र आपण दोन टोकांना असतो. एक तर "तुमच्यावर सोडलं" म्हणून किल्ली टाकायची, नाहीतर घरी येऊन "लुटलं" म्हणून बोंब मारायची. आणि किल्ली टाकताना वर म्हणायचं, "जरा सगळं बघून घ्या." गॅरेजवाल्याच्या हातात हा कोरा चेक आहे. प्रामाणिक माणूसही त्यावर आकडा भरतो, कारण बघायला गेलं तर पाच वर्षांच्या गाडीत प्रत्येक बुश थोडा झिजलेला आणि प्रत्येक रबर थोडं कडक झालेलं असतंच.

त्याऐवजी तक्रार सांगा, इलाज सांगू नका. "सस्पेन्शन बघा" असं म्हणू नका. "वीसच्या स्पीडला खड्ड्यातून गेलं की पुढून डावीकडून टकटक येतं, स्पीड ब्रेकरवर येत नाही" असं जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेजवाला भरतो त्या कागदावर, लिहून घ्या, आणि शक्य असेल तर मिस्त्र्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. सिंहगड रोडवर आवाज ऐकवायला खड्डा शोधावा लागत नाही. माझ्या गाडीला हाच आवाज होता. एका ठिकाणी पुढचे दोन्ही शॉकअप सांगितले, ११,००० चं एस्टिमेट. मी म्हटलं, रॅम्पवर घ्या आणि कुठे प्ले आहे, म्हणजे काय ढिलं झालंय, ते दाखवा. त्यावर "साहेब, अनुभवावरून कळतं" असं उत्तर आलं. मी गाडी काढून घेतली. दुसऱ्याने टॉमी (लोखंडी पहार) घालून लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा दांडा, हलवून दाखवला, खुळखुळ्यासारखा वाजत होता. जोडी बदलून मजुरीसकट १,६०० झाले. पहिल्याला कळत नव्हतं की कळूनही त्याने तसं सांगितलं, हे मला आजतागायत माहीत नाही. मला तरी एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्याने दाखवायला नकार दिला.

आता फिल्टरचं. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर हे विश्वासाच्या यादीतून काढूनच टाका. एअर फिल्टरचा डबा क्लिपांनी किंवा चार स्क्रूंनी बंद असतो. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही मिळून वीस मिनिटांचं काम, आणि हे पार्ट नाना पेठेत छापील किमतीपेक्षा कमीत मिळतात. जे काम आपल्याला डोळ्यांनी दिसतं आणि हाताने जमतं, त्यासाठी दुसऱ्याच्या सचोटीची परीक्षा कशाला घ्यायची?

जे स्वतः करता येत नाही त्यासाठी मी खूण करतो. ऑइल फिल्टरच्या डब्यावर पेंट मार्करचा ठिपका, टायर रोटेशन असेल तर टायरच्या आतल्या बाजूला खडूने अक्षर. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा प्रिंटआउट मागायचा. जुने पार्ट नव्या पार्टच्या खोक्यात घालून डिकीत ठेवा, असं गाडी देतानाच सांगायचं, घेताना नाही. घेताना मागितले तर "भंगारात गेले" हे उत्तर तयार असतं. ऑइल किती लागतं तेही पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बिलात त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त दिसलं तर विचारा, लाजू नका.

ब्रेक पॅडचं म्हणाल तर नवा पॅड साधारण १० मिलीमीटरचा असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलायचा. "पॅड गेलेत" म्हणाला की "किती उरलेत?" विचारा. आकडा सांगितला तर त्याने चाक काढून पाहिलंय. ब्रेक ऑइलला मात्र नाही म्हणू नका. ते हवेतली ओल शोषतं, ओलीने त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि वरंध किंवा ताम्हिणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापलं की पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदलावं. एस्टिमेटमधल्या लांबलचक यादीत ही ७०० ची ओळ सगळ्यात कमी दिखाऊ आहे आणि लोक नेमकी तीच खोडतात.

एसीचा गॅस दरवर्षी "भरून घ्यायचा" नसतो. तो पेट्रोलसारखा संपत नाही. दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुठेतरी गळतोय. आधी लीक शोधा म्हणावं, मग भरा. किती ग्रॅम लागतो त्याचं स्टिकर बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असतं.

पण संशयालाही ज्ञानाचा आधार हवा. पूर्वी माझ्याकडे डिझेल गाडी होती. ऑइल बदलल्यावर तिसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर काळंकुट्ट. मी तडक धायरीला गेलो आणि त्या मिस्त्र्याला चार लोकांत नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्यासमोर बदलतो, पैसे नको. उद्या परत बघा." बदललं. आणि दोनशे किलोमीटरच्या आत पुन्हा काळं. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरते, ते लगेच काळं होतं आणि तसंच व्हायला हवं. पेढे घेऊन परत जावं लागलं.

नवीन गॅरेज निवडायचं तर आमच्या कारखान्यातला नियम वापरा. मशीनवर नवीन सेटिंग केलं की आधी एकच नग काढायचा, तो तपासून मंजूर झाल्यावरच पुढचे हजार. फर्स्ट पीस म्हणतात त्याला. मिस्त्र्याला पहिल्याच भेटीत क्लचचं काम देऊ नका. हॉर्न, वायपर, एखादा बल्ब असं किरकोळ काम घेऊन जा. तो किती वेळ लावतो, पक्कं बिल देतो का, न सांगता आणखी काय काढतो, आणि मुख्य म्हणजे काही काम "आत्ता नको, अजून दहा हजार चालेल" म्हणतो का, हे बघा.

या शेवटच्या गोष्टीवरच मी माझा मिस्त्री ठरवला. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही सहकारनगरच्या बाजूला राहत होतो. सकाळी गाडी बघितली तर सीटपर्यंत चिखल. तेव्हा या माणसाकडे मी फक्त दोनदा गेलो होतो, एकदा पंक्चरच्या वेळी आणि एकदा बॅटरीला. फोन केला तर पहिलं वाक्य, "स्टार्टर मारलात का? नाही ना? किल्लीला हात लावू नका." पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि त्याला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. शिवाय पाण्यातून काढलेली गाडी चालू करून इंजिन गेलं, आणि पॉलिसीला इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण जोडलेलं नसेल, तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी. त्याने बॅटरीचा केबल कसा काढायचा ते फोनवरच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी टोइंग करून नेली. प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं तेव्हा आतून पाणी उडालं. त्याने फोनवर फक्त "बघतो, येतो" म्हटलं असतं आणि मी अर्ध्या तासात अधीरपणे किल्ली फिरवली असती, तर त्याला आख्ख्या इंजिनाचं काम मिळालं असतं. त्या फोनने त्याचं मोठं बिल घालवलं.

हाच माणूस पुढे चुकलाही. रेडिएटरचा पाइप बदलताना क्लॅम्प नीट बसवला नाही, आणि खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला. वाईट रागावलो. पण त्याने "तुम्हीच काहीतरी हलवलं असेल" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या थांबवून काम केलं, कूलंट स्वतःचं घातलं. चूक आणि लबाडी यांत गल्लत केलीत तर दर दोन वर्षांनी गॅरेज बदलत राहाल आणि दर वेळी फर्स्ट पीसपासून सुरुवात.

वारज्याच्या मिस्त्र्याकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा: पार्ट कुठला. "ओरिजिनल" या शब्दाचे बाजारात तीन अर्थ आहेत. एक, गाडी कंपनीच्या पाकिटातला. दोन, कंपनीला जो पुरवठादार पार्ट देतो त्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात आणि बहुधा स्वस्त. तीन, "ओरिजिनलसारखाच आहे साहेब." दुसरा बिनधास्त घ्या, तिसरा ब्रेक आणि स्टिअरिंगला अजिबात नको. पार्ट नंबर असलेलं बिल मागा. बिल नसेल तर स्वस्ताईचे सातशे-आठशे कुठे गेले ते पुढच्या वर्षी कळतं.

बाहेर काम केलं की वॉरंटी जाते ही भीती तुम्हाला लागू नाही, संपलीच आहे ती. ज्यांची चालू आहे त्यांच्यासाठी: ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ गाडी कंपन्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती अडवून ठेवल्याबद्दल मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड लावला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं होतं. दंडावरची लढाई पुढे अपिलात गेली. काउंटरवर मात्र आजही वाद घालावाच लागतो, म्हणून वॉरंटीत असेपर्यंत मी स्वतः कंपनीकडेच जातो आणि कोटिंग-फ्लश खोडतो.

राहिली तुमची मागची तक्रार. आज संध्याकाळी एअर फिल्टर बाहेर काढा. रबरी कडेवर पार्ट नंबरसोबत बऱ्याचदा उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. गेल्या एक-दोन वर्षांतलं निघालं तर त्यांनी बदलला होता, संशय मागे घ्या. गाडी घेतली त्या वर्षाचं निघालं तर फोटो काढा, बिल जोडा आणि वर्क्स मॅनेजरला ईमेल करा. ॲडव्हायझरला फोन करण्यात अर्थ नाही. दाद नाही लागली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, पण ४५० रुपयांसाठी तिथवर जावं लागणार नाही. माझ्या अनुभवात फोटो आणि बिल एकत्र गेलं की त्यांचाच फोन येतो, "सर, एकदा गाडी घेऊन या." जा, पण त्या दिवशी फक्त फिल्टर बसवून घ्या.