बंद खाणीचं पाणी भेंडीला चालेल का?

मुरबाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न: "गावाशेजारची खडीची खाण बंद होऊन पाण्याने भरलीय. उन्हाळी भेंडीला मोटर लावून तेच पाणी द्यायचं म्हणते. पण यवतमाळकडच्या वणीला राहणारा भाऊ म्हणतो, बंद खाणीच्या पाण्याने पीक जळतं."

ताई, भाऊ सांगतो ते कोळशाच्या खाणीचं. कोळशात आणि भोवतीच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खाण चालू असताना पाणी उपसत राहतात, त्यामुळे उघड्या पडलेल्या पायराइटला हवा लागते आणि भिंतींवर क्षार साठतात. पंप थांबले की पाणी वर चढतं नि हे साठलेले क्षार धुऊन घेतं. म्हणून पहिली काही वर्षं ते सर्वांत वाईट: सल्फेट, लोह, मँगनीज, कुठे आम्लही. पुढे बुडालेल्या खडकाला हवाच मिळत नाही, मग पाणी हळूहळू सुधारतं. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे तिथलं पाणी आसामातल्या काही खाणींसारखं आंबट सहसा होत नाही; जड मात्र होतं.

आपल्याकडे काळा बेसाल्ट. कोळसा नाही, तेव्हा आम्लाची भीती फारशी नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. खोल, उभ्या कड्यांच्या पाण्यात थर पडतात. वरचं नितळ दिसतं, तळाचं हवेवाचून कोंडतं आणि त्यात लोह-मँगनीज उतरतं. आपण बाटली काठावर बुडवतो आणि फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तळाला सोडतो. मग अहवाल चांगला येऊनही ठिबकची तोंडं तांबड्या गाळाने बुजतात. म्हणून फुटव्हॉल्व्ह जिथे राहणार त्याच खोलीचा नमुना घ्या. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि लगेच प्रयोगशाळेत द्या. एकदा आत्ता आणि पुन्हा मे महिन्यात, पातळी खाली गेल्यावर.

अहवालात सामू (पीएच) ६.५ ते ८.४ असावा. क्षारता (ईसी) ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत बिनघोर, त्यापुढे जपून. भेंडीला क्षार सोसत नाहीत. ३ च्या वर असेल तर नकोच. लोह लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पाणी उंचावरून टाकीत पाडा, रात्रभर निवळू द्या, वरचंच वापरा.

फुटव्हॉल्व्ह रिकाम्या पिंपाला बांधून वरच्या दीड-दोन मीटरात तरंगता ठेवा. खाणीत कुणी कचरा, राडारोडा किंवा टँकर रिकामे केले असतील तर मला आधी कळवा, त्याची तपासणी वेगळी करावी लागते. आणि मोटर बसवायला एकट्याने उतरू नका, ताई. कडे सरळ तुटलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते.