ही प्रभूची वाणी की माझेच मन?

प्रश्न : मी बरीच वर्षे विश्वासात आहे आणि रोज सकाळी शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) व प्रार्थना करते. सध्या मला दुसऱ्या गावी नोकरीचे बोलावणे आले आहे. प्रार्थनेत ‘जा’ असे वाटते, पण जाण्याची मला स्वतःलाच ओढ आहे, त्यामुळे त्या वाटण्यावर विश्वास बसत नाही. मंडळीतील एक वडीलधाऱ्या भगिनी मात्र म्हणतात, “तू जाऊ नये, असे प्रभूने मला सांगितले आहे.” मी काय समजावे?

उत्तर : आपल्याला ओढ आहे म्हणजे ती देवाची इच्छा नसणारच, असे आपण धरून चालला आहात, त्याला शास्त्रात आधार नाही. पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहूदी नहेम्या, यरुशलेमेचा तट पडला आहे हे ऐकून रडला, त्याने उपास केला, आणि तट बांधण्याची ती तळमळ आपल्या देवानेच आपल्या मनात घातली होती, असे त्याने पुढे लिहिले. मात्र किसलेव महिन्यात बातमी कळली आणि राजापुढे त्याने तोंड उघडले ते नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. मधला काळ प्रार्थनेत गेला. माझ्या अनुभवाप्रमाणे नुसत्या हौसेला इतका धीर धरवत नाही. ती एक तर विरते, नाहीतर उतावीळ होते. नोकरीच्या उत्तराला आपल्याजवळ चार महिने नसतील, पण जितके दिवस आहेत तितके पूर्ण वापरावेत.

यिर्मया संदेष्ट्याचे (देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्याचे) उदाहरण मला याहून धीराचे वाटते. तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता आणि बाबेलच्या सैन्याने यरुशलेम शहराला वेढा दिला होता. ‘तुझा चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकत घे म्हणून सांगायला येईल,’ असे वचन त्याला मिळाले. हनामेल खरोखरच आला, आणि तेव्हा, असे यिर्मया म्हणतो, हे परमेश्वराचे वचन आहे हे मला कळले. मग त्याने १७ शेकेल रुपे तोलून दिले आणि खरेदीखत केले. इतक्या मोठ्या संदेष्ट्यालाही खूण पटायला घटना घडावी लागली, तर आपल्याला थोडे थांबावे लागले म्हणून आपला विश्वास कमी ठरत नाही.

भगिनींच्या निरोपाविषयी स्पष्टच लिहितो. बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला स्वतःला आज्ञा मिळालेली असते की, बेथेल गावी अन्नपाणी घेऊ नये. तेथलाच एक वृद्ध संदेष्टा त्याला सांगतो की, देवदूताने मला निराळे सांगितले आहे. ते खोटे असते; देवाचा माणूस मात्र त्याचे ऐकून मागे फिरतो, आणि त्यात स्वतःचा प्राण गमावतो. भगिनी खोटे बोलत आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे प्रेम खरे असेल. पण कोणाच्या वडीलकीवर निरोपाची सत्यता ठरत नाही. आत्म्यांची परीक्षा करा, म्हणजे देवाच्या नावाने आलेला निरोप खरोखर देवाचा आहे का हे पारखा, असे प्रेषित योहान सर्वच विश्वासणाऱ्यांना लिहितो. त्यांना नम्रपणे विचारावे, “आपल्याला नेमकी कशाची काळजी वाटली?” त्या उत्तरात ऐकण्यासारखे काही निघू शकते. मंडळीच्या पाळकांशीही बोलावे. मासेदोनियाला येऊन मदत कर, असा दृष्टान्त एकट्या प्रेषित पौलाला झाला, पण देव बोलावत आहे हे अनुमान ‘आम्ही’ केले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे.

एक गोष्ट स्वतःची. अशाच एका निर्णयासाठी प्रार्थना करताना, ज्याला मी चारचौघांत लागेल असे बोललो होतो, त्या सहकाऱ्याचा चेहरा माझ्यापुढे येत राहिला. मन भटकते आहे असे समजून मी तीन दिवस तो विचार झटकला. चौथ्या दिवशी शास्त्रवाचनात, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन आले. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तयार केलेली वाक्ये आठवेनात. “माझे चुकले” एवढेच म्हणालो. मी विचारले होते एक आणि प्रभू बोलत होता दुसऱ्याविषयी. म्हणून आपल्याला विचारतो : ‘जाऊ की नको’ यापलीकडे या दिवसांत प्रार्थनेत आणखी काही वारंवार समोर येते आहे का? येत असेल, तर नोकरीला उत्तर देण्यापूर्वी ते करावे.