कोंबडा साडेतीनलाच का सुरू होतो?

प्रश्न : आमच्या रो-हाऊसच्या मागे चार गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. मोठा पहाटे साडेतीनलाच आरवायला लागतो, मग लहान त्याच्या मागोमाग, आणि दिवसभर पण अधूनमधून चालूच असतं. शेजारचे काका रोज टोमणे मारतात. काही आजार तर नाही ना? किती वेळा आरवणं नॉर्मल?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : आजारबिजार काही नाही हो, ठणठणीत आहे म्हणूनच ओरडतोय. दिवसाला दहा-पंधरा वेळा म्हणजे काहीच नाही, काही कोंबडे त्याच्या दुप्पट आरवतात, त्यामुळे मोजत बसू नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो, पण हा गडी तांबडं फुटायची वाटच बघत नाही. जपानमध्ये नागोया युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून बघितले, सूर्य नाही की काही नाही, तरी ते साधारण दर 23.7 तासांनी आरवायचेच, म्हणजे घड्याळ त्यांच्या अंगातच असतं आणि उजाडायच्या दोनेक तास आधीच ते वाजतं. 2013 ला छापून आलंय हे. बाकी दिवसभरचं जे आरवणं ते 'ही जागा माझी' असं सांगणं, गाडीचा हेडलाईट पडला, कुणी गेट आपटलं, लांबून दुसरा कोंबडा ओरडला की याला उत्तर द्यायचंच असतं.

आता मोठा आधी आणि लहान नंतर, हे तुम्ही बरोबर टिपलंय. त्याच लोकांनी 2015 मध्ये दाखवलं की पहिली बांग वरचढ कोंबड्याची, मग उतरत्या मानाने बाकीचे, लहानाने आगाऊपणा करायचा नाही.

आवाज पूर्ण बंद होणार नाही, कमी होतो. रात्री खुराड्यात अंधार पाहिजे, रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप पण नको, हवा मात्र खेळती ठेवा. छप्पर जरा बुटकं असेल तर त्याला मान ताणून उभं राहता येत नाही आणि आवाज दबतो, सकाळी सात वाजता दार उघडा की झालं. गळ्यात पट्टा बांधायचे व्हिडिओ फिरतात ते अजिबात करू नका, घट्ट बसला तर जीव गुदमरतो त्याचा.

आणि काकांना खूश करायला मोठा कोंबडा कुणाला देऊन टाकायचा विचार असेल तर थांबा, तो गेला की पहिली बांग लहानाकडे येते, साडेतीनचं साडेतीनच राहणार. द्यायचे तर दोन्ही द्या, कोंबड्या कोंबड्याशिवाय पण अंडी घालतात, फक्त त्यातून पिल्लं निघणार नाहीत.