पुण्याची गाडी, इंदूरची फ्री सर्व्हिस

प्रश्न: पुण्यात घेतलेली छोटी पेट्रोल गाडी बदलीमुळे इंदूरला आणली आहे. मीटर ४,७०० किलोमीटरवर आहे आणि दुसरी फ्री सर्व्हिस ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा आहे. गाडी घेताना ३ वर्षांच्या मेंटेनन्स पॅकेजचेही पैसे भरले होते. इथलं अधिकृत वर्कशॉप म्हणतं, "पॅकेज दिसत नाही, गाडी घेतली तिथेच जा." काय करावं?
– एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर: फ्री सर्व्हिस आणि पॅकेज यांची इथे गल्लत झाली आहे. फ्री सर्व्हिस कंपनी देते आणि तिची नोंद १७ अक्षर-आकड्यांच्या चेसिस नंबरवर असते. गाडी कुठल्या शोरूममधून घेतली, यावर ती अडत नाही. ओनर्स मॅन्युअलमधलं फ्री सर्व्हिसचं पान आणि आरसी काउंटरवर ठेवा. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, सही करण्याआधी सर्व्हिसचा प्रकार वाचा. तिथे 'पेड' पडलं असेल तर लगेच बदलून घ्या, बिल निघाल्यावर ते निस्तरणं अवघड जातं.

फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि त्यावरचा जीएसटी तुम्हालाच भरायचा असतो. मात्र अनेक पेट्रोल गाड्यांचं ऑइल १०,००० किलोमीटरलाच बदलायचं असतं आणि ५,०००ला फक्त तपासणी असते. तेव्हा एस्टिमेटमध्ये ऑइल दिसलं, तर मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा.

आता पॅकेज. पैसे भरल्याची पावती काढा आणि त्यावर कॉन्ट्रॅक्ट नंबर आहे का ते बघा. असेल, तर पॅकेज कंपनीचं असण्याची शक्यता जास्त. कंपनीच्या कस्टमर केअरला चेसिस नंबर देऊन ते चालू आहे का, ते विचारा. डीलर पैसे घेतो, पण कंपनीच्या सिस्टीममध्ये कॉन्ट्रॅक्ट चढवायचं राहून जातं, हा घोळ नेहमीचा आहे. पुण्याच्या डीलरला पावती जोडून ईमेल करा आणि कंपनीलाही प्रत पाठवा. फोनवरच्या "करून देतो"ला काही किंमत नाही. नंबरच नसेल आणि पावती नुसती डीलरच्या नावाची असेल, तर बहुधा ते त्याचं स्वतःचं पॅकेज आहे आणि इंदूरमध्ये चालणार नाही. मग न वापरलेल्या सर्व्हिसचे पैसे लेखी मागा.

या भांडणात सर्व्हिसची मुदत मात्र चुकवू नका, कारण उद्या वॉरंटीच्या वेळी तेच निमित्त पुढे केलं जाईल. गरज पडली तर अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून सर्व्हिस करा आणि बिलावर 'पॅकेजचा वाद कायम ठेवून रक्कम भरली' असं लिहून घ्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरलाच अर्ज करता येतो, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८वर एनओसी घेऊन एमपीचा नंबर घ्यावा लागेल. चेसिस नंबर तोच राहतो, त्यामुळे सर्व्हिसचा हक्क जात नाही. नवा नंबर मिळाला की वर्कशॉपच्या नोंदीत आणि विम्याच्या पॉलिसीत तो बदलून घ्या.