फाउंड्रीत माणसं सेफ्टीचे नियम पाळत नाहीत. दंड लावावा का?

तुम्ही लिहिलंय, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, नुकतेच शिफ्ट इन्चार्ज झालात, माणसं चष्मा-हेल्मेट घालत नाहीत आणि मालक म्हणतात दंड लावा. मी शिरोली एमआयडीसीत भट्टी आणि पोअरिंगवर, म्हणजे वितळलेलं मेटल ओतायच्या कामावर, 22 वर्षं काढली, त्यातली शेवटची 9 सुपरवायझर म्हणून. माझं सांगणं, दंडानं सुरुवात करू नका.

एक तर कायद्यानं पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही, तोही माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. दंड सुरू झाला की माणसं लपवायला लागतात. हातावर ठिणगी उडाली तर मलम लावून गप घरी जातात, आणि तुम्हाला कळायचंच बंद होतं.

माझ्या शिफ्टला घडलेलं सांगतो. जुलै महिना, स्क्रॅप उघड्यावर पडलेलं. चार्जिंग करताना, म्हणजे भट्टीत स्क्रॅप भरताना, दोन्ही तोंडं दबलेला पाइपचा एक तुकडा भट्टीत गेला, त्याच्या आत पाणी होतं. मेटल चौदाशे डिग्रीच्या आसपास असतं. त्यात पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. मेटल उसळलं. बाजूच्या हेल्परच्या बुटात, लेसच्या फटीतून, चमचाभर आत गेलं. त्याला लेस सोडता येईना. मी खाली बसून कटरनं बूट कापला, तोवर पाय घोट्यापर्यंत भाजला होता.

त्या पोरानं नियम मोडला नव्हता. स्टोअरनं दिलेला सेफ्टी शूजच त्याच्या पायात होता. भट्टीवर बिनलेसचा, झटक्यात पायातून निघणारा बूट लागतो आणि पँट बुटावरून खाली सोडलेली लागते. लेसचे बूट मागवणाऱ्या कागदावर सही माझी होती. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून आधी विचारा, का घालत नाही? फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामावरच्या, एका मामांनी मला सुनावलं होतं, "सायेब, ह्या चष्म्यातनं दिसतंय कुठं? उलट हातच जाईल ग्राइंडरात." मी तो चष्मा लावून पाच मिनिटं ग्राइंडरवर उभा राहिलो. घामानं काच धूसर, वर बारीक ओरखडे. मामांचं खरं होतं. वाफ न धरणारे चष्मे आणले, खराब झाला की त्याच दिवशी बदलून द्यायचा ठरवलं, तेव्हा निम्मी तक्रार आपोआप मिटली. ठेकेदाराच्या माणसांचंही तुम्हीच बघा, बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदीत सांगा. टेरिकॉटचा शर्ट भट्टीजवळ का नको, तो वितळून अंगाला कसा चिकटतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एवढं करूनही जो ऐकत नाही त्याला त्या कामावरून बाजूला घ्या, त्या शिफ्टला दुसरं काम द्या. मालक शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, बिनहेल्मेटचे आले तर त्यांनाही दारातच थांबवा. माणसं नेमकं तेच बघत असतात.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे काम थांबवणं. महिनाअखेर होती, डिस्पॅच अडलेला, आणि लेडल, म्हणजे वितळलेलं मेटल न्यायचं भांडं, आतून नवं लायनिंग (अस्तर) दिलेलं, नीट वाळला नव्हता. ओल्या लेडलमध्ये मेटल घेणं म्हणजे पुन्हा तेच पाणी. वरून फोन आला, "ओता." मी नाही म्हणालो. 40 मिनिटं लेडल तापवला आणि मगच ओतलं. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलणी खाल्ली, पण त्या आठवड्यापासून माणसं स्वतःहून येऊन सांगायला लागली, साहेब, अमुक साखळी झिजलीय, तमुक मशीनचा गार्ड सैल आहे. भोपाळनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. तिनं फाउंड्रीसारख्या धोक्याच्या कामातल्या कामगाराला, जिवाला धोका दिसला तर वरिष्ठांच्या कानावर घालायचा हक्क दिला. कागदावरचा तो हक्क आमच्या शॉपमध्ये त्या 40 मिनिटांनंतरच उतरला.

उद्या शिफ्टला गेलात की पहिल्यांदा स्टोअरमध्ये जाऊन बूट बघा. लेसचे असतील तर भट्टी आणि पोअरिंगच्या माणसांचे त्याच दिवशी बदलायला लावा. चष्म्याचं नंतर बघू.